मागच्या दारचं पेव

न्हाणीच्या अर्ध्या दाराआड मी श्वास रोखून उभी होते. हातात धुणं होतं, ते तसंच गळत होतं, साडी पायापर्यंत भिजली तरी मी जागची हलले नाही. कारण माझी जाऊ वैजू, हातात पातेलं घेऊन, मागच्या दारी आली होती. आधी डावीकडे बघितलं. मग उजवीकडे बघितलं. मग पदर खोचून खाली बसली आणि पातेल्यातलं पांढरंफेक पाणी माझ्या पेवाच्या बुडात हळूहळू ओतलं. ओतून झाल्यावर पातेलं उपडं करून शेवटचे थेंबसुद्धा झटकले, हाताने माती सारखी केली आणि आली तशी आत गेली.

मी मनात म्हटलं, सापडलीस गं बाई.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. लहानपणी शेजारच्यांनी लाडू दिला तर मी तो फोडून आत काय आहे ते बघायची, असं आई सगळ्यांना सांगे. पण त्या वर्षी माझ्या संशयाला कारण होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं. माझं पेव मरत होतं आणि ते आपोआप मरत नव्हतं.

पेव म्हणजे रानातलंच झाड. आमच्या माहेरी, घाटाच्या पायथ्याला, पऱ्याच्या दोन्ही काठांना ते पावसाळ्यात कमरेएवढं माजायचं. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. पेवाचं खोड सरळ म्हणून वाढत नाही. गोल गोल वळसे घेत वर चढतं, पानंही त्या वळशानेच लागतात. श्रावण-भाद्रपदात शेंड्याला लाल बोंड येतं आणि त्यातून रोज एखाद-दुसरं पांढरं फूल उमलतं, इतकं पातळ की बोट लागलं तरी फाटेल. आईची गौर त्या फुलाशिवाय बसत नसे. बाकी काही नसलं तरी चालेल, पण पेवाचं फूल हवं म्हणजे हवं. आम्ही पोरी चिखलात घोट्यापर्यंत रुतून ती आणायचो.

आई गेली आणि त्याच साली रस्ता रुंद व्हायला निघाला. पऱ्यावर भराव पडणार हे कळलं तेव्हा मी रडत बसले नाही. एस्टीने गेले आणि यंत्र यायच्या आदल्या दिवशी तीन कंद खणून आणले. महिन्याभराने गेले तेव्हा तिथे नुसती लाल माती होती, वर खडी. भावाने घर विकलं. म्हणजे माझ्या माहेरचं म्हणून जे काही या जगात उरलं होतं, ते ह्या तीन कंदांत होतं. मी ते सासरी, खाडीकाठी, आमच्या घराच्या मागच्या दारी लावले. एक न्हाणीच्या मोरीपाशी, एक धुण्याच्या धोंड्यापाशी आणि एक स्वयंपाकघराच्या दाराला लागून. पेवाला पाणी लागतं, सावली लागते, आणि मागच्या दारी दोन्ही होतं. पहिल्याच भाद्रपदात तिन्ही फुलले. मी आईच्या फोटोला एक फूल वाहिलं आणि घरात सगळ्यांना बजावून सांगितलं, "माझ्या पेवाला कोणी हात लावायचा नाही. पाणी मीच घालणार."

सगळ्यांना म्हणजे दोघांनाच. एक आमचे हे, आणि दुसरी वैजू. माझा दीर सदानंद मच्छीमार ट्रॉलरवर होता, गुजरातच्या बंदरात. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, बाकी वर्षभर वैजू आमच्याजवळ. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. पोर गुणी होती, कामाला वाघ होती, पण बोलायची कमी. कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे ते कळत नाही, आणि मला कळलं नाही की झोप लागत नाही.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात पेवाची पानं कडेने जळायला लागली. मी म्हटलं, ऊन वाढलं. पाणी वाढवलं. सकाळी दोन कळश्या घालत होते, त्या संध्याकाळीही घालायला लागले. पानं आणखी जळली. चैत्रात मोरीजवळचं पेव आडवं झालं. मी बुडाशी बसून माती उकरायला गेले तर मातीवर पांढरा पापुद्रा धरलेला. बोटावर घेतला, जिभेला लावला.

मीठ!

त्या क्षणापासून माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मीठ काय आभाळातून पडतं? घरात माणसं तीन. मी माझ्या झाडाला मीठ घालणार नाही. ह्यांना झाड कुठे आहे तेसुद्धा सांगता येणार नाही. मग उरलं कोण?

एकदा संशय बसला की जुन्या गोष्टी आपणहून पुढे येऊन उभ्या राहतात. शिमग्याच्या सुमाराला आमटी खारट व्हायला लागली होती. सदानंद घरी होता, पहिल्या घासालाच म्हणाला, "वैजू, ट्रॉलरवरचा खानसामा बरा गं तुझ्यापेक्षा." सगळे हसले. मी म्हटलं, "हात आवर जरा, मीठ काय फुकट येतं?" ती नुसती मान खाली घालून बसली. पुढे पंधरा दिवसांनी आमटी बरी झाली. तेव्हा मी काही म्हटलं नाही. आता म्हटलं, बरोबर आहे, आमटीतलं मीठ बाहेर जायला लागलं.

शिवाय नळ. वाडीच्या कोपऱ्यावर सरकारी नळ होता, एक दिवसाआड पाऊण तास पाणी यायचं, वरच्या धरणाचं, गोडं. आम्ही ते प्यायला आणायचो, बाकी सगळ्याला घरची विहीर. दोन हंडे पुरत. वैजू शिमग्यानंतर चार-चार, पाच-पाच खेपा घालायला लागली. नळावर इतकं काय काम? कोण भेटतं तिथे? मी एकदा पाठोपाठ जाऊन बघितलंसुद्धा. ती आपली रांगेत उभी होती, कोणाशी बोलत नव्हती. तेही मला खटकलं. नळावर जाऊन न बोलणारी बाई मी तरी बघितलेली नाही.

आणि सगळ्यात वाईट ते सांगायचं राहिलंच.

एका सकाळी मी देवाची फुलं काढून येत होते तर विहिरीपाशी हे आणि वैजू उभे. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर उभी राहून बोलत नाही. काही सांगायचं तर माझ्यामार्फत, नाहीतर दाराआडून. आणि ही बाई डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून, ह्यांना काहीतरी सांगत होती, आणि हे ऐकत होते. मी दिसले तशी ती गप्प झाली, कळशी उचलली आणि गेली.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"कोण? ती? काही नाही. रहाटाची दोरी झिजलीय म्हणत होती."

रहाटाची दोरी! विहिरीला मोटर बसवून दीड वर्ष झालं होतं. ह्यांनी विहीर सहा फूट खोल करून घेतली होती, वाडीतली म्हातारी माणसं नको नको म्हणत असताना. वरच्या भरड जमिनीत सुपारीची रोपं लावली होती, त्यांना दिवसभर पाणी चालायचं. तो रहाट आम्ही चुकूनसुद्धा वापरत नव्हतो. मी त्या दोरीवरून हात फिरवून बघितला. धडधाकट होती.

खोटं नाही सांगत, त्या रात्री मी जेवले नाही. डोक्यात नाही नाही ते येत होतं. एकीकडे वाटे, शी, काय हे घाण विचार! दुसरीकडे वाटे, मग खोटं का बोलले?

तर असं सगळं डोक्यात असताना, त्या दुपारी, न्हाणीच्या दाराआडून मी तिला पांढरं पाणी ओतताना बघितलं. लगेच बाहेर पडले नाही. म्हटलं, एकदा बघितलं तर नाकबूल करेल. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेला पुन्हा उभी राहिले. ती आली, डावी-उजवीकडे बघितलं, बसली. पातेलं तिरकं केलं, आणि मी बाहेर आले.

"काय ओततेस?"

ती इतकी दचकली की पातेलं हातातून सुटलं.

"धुवण, वहिनी. तांदळाचं."

"रोज?"

"हो."

"मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मी खाली वाकले, धोंड्याजवळच्या पेवाच्या बुडातली पांढरी माती चिमटीत घेतली आणि तिच्यापुढे धरली. "जिभेला लाव. लाव म्हणते ना! कशी लागते?"

"खारट."

"मोरीजवळचं मेलं. हे मरायला टेकलंय. दोघांच्या मातीत मीठ आहे, आणि तू चोरून मागच्या दारी येऊन पातेली ओततेस. मी काय समजू?"

"वहिनी, मी ह्याच एकाला घालते. दाराजवळच्या. त्या दोघांना मी कधीच—"

"त्या दोघांना घालून झालं, आता ह्याची पाळी!"

आता सांगताना मलाच लाज वाटते. दाराजवळचं पेव माझ्यासमोर हिरवंगार उभं होतं. तिन्हींतलं तेवढंच धड होतं, आणि तिच्या तोंडून ते ऐकूनही माझ्या डोक्यात एवढंच आलं, की ह्याचा नंबर लागायच्या आधी आपण पोहोचलो.

आवाज ऐकून हे पडवीतून मागच्या दाराशी आले. हातात अडकित्ता, अर्धी कातरलेली सुपारी. वैजूने मान वर केली. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला ह्यांच्या तोंडाकडे सरळ बघताना बघितलं. ती बघत राहिली, काहीतरी वाट बघावी तशी. ह्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"बायकांच्या भांडणात मी पडत नाही," म्हणाले, आणि पडवीत निघून गेले.

वैजूने पातेलं उचललं. "वहिनी, मी माहेरी जाऊन येते चार दिवस," म्हणाली. आवाज अगदी साधा.

"चार कशाला? सदा येईपर्यंत राहा. मला या घरात लपूनछपून वागणारं माणूस नको. मग ते झाडापाशी असो की विहिरीपाशी."

विहिरीपाशी म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मला काय म्हणायचं होतं ते तिला कळलं. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पडवीच्या दिशेने एकदा बघितलं आणि मिटलं.

तीनच्या होडीला ती निघाली. तिचं माहेर खाडीपलीकडे, नवखारला. खांद्याला एक पिशवी, बस्स. तिने वाकून माझ्या पायाला हात लावला, आणि मी, कुठल्या तोंडाने कोण जाणे, म्हटलं, "पिशवी दाखव."

"वहिनी?"

"दाखव म्हटलं ना."

तिने पिशवी माझ्यापुढे ठेवली. दोन साड्या, परकर, फणी, कुंकवाची डबी. आणि तळाशी केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. मी पान सोडलं. पेवाचा कंद! बोटभर, डोळा फुटलेला, ओल्या मातीसकट. दाराजवळच्या पेवाला कडेने कापून घेतलेला.

"अगं चोरटे!" मी ओरडले. आजूबाजूची दोन दारं उघडली.

ती रडली नाही. फक्त हात पुढे केला. "वहिनी, तेवढा राहू द्या माझ्याजवळ. तिकडे जगेल तो."

"तिकडे जगेल? म्हणजे इथे मारायचं ठरलेलंच होतं तर!"

"पाया पडते वहिनी. एवढं ऐका माझं. तुमच्यासाठीच नेतेय."

मी कंद मुठीत धरला आणि घरात गेले. ती होडीकडे गेली. पुढचं दार लावताना मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं. जिंकल्यासारखं वाटलं.

त्याच संध्याकाळी मी दाराजवळचं पेव मुळापासून उकरलं. म्हटलं, त्या मातीत तिने काय काय ओतलंय कोण जाणे. विहिरीच्या काठाला नवा खड्डा काढला, शेणखत घातलं, तिथे ते लावलं, शेजारी तो बोटभर कंद. वरून काट्या रोवल्या. आता ते येता-जाता माझ्या नजरेसमोर होतं. सकाळ-संध्याकाळ ताज्या पाण्याच्या दोन-दोन कळश्या, माझ्या हाताने, दुसऱ्या कोणाचा हात नाही.

चौथ्या दिवशी धोंड्याजवळचं पेव मेलं आणि ह्याचीही शेंड्याची पानं करपली. मी पाणी वाढवलं. सहाव्या दिवशी खोड पिवळं पडलं. मी तिला शिव्या घातल्या. म्हटलं, आधीच भिनवून गेली, जाताना विष भिनवून गेली. शेजारच्या पार्वतीकाकूंना बोलावून दाखवलं, त्याही हळहळल्या. "कशाला गं असं करेल ती?" म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हांला माणसं ओळखता येत नाहीत, काकू."

आठव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातलं पिंप रिकामं झालं. ते वैजू भरून गेली होती. मी त्यात काय पाणी आहे याचा कधी विचारच केला नव्हता. पाणी म्हणजे पाणी. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. मी मोटर लावून विहिरीचं चार बादल्या पाणी पिंपात ओतलं, पूर्वी ओतत होते तसं, आणि डाळ चढवली.

डाळ शिजेना. तास झाला, दीड तास झाला, दाणा न् दाणा वेगळा. मी चरफडत जाळ वाढवला. शेवटी एकदाची घोटली, चिंच-गूळ घातला, उकळी आली, आणि सवयीने पळीत घेऊन चव बघितली.

खारट होती.

मीठ घालायला म्हणून बरणीकडे नेलेला माझा हात तसाच राहिला. कारण बरणीचं झाकण लावलेलं होतं. मी अजून मीठ घातलंच नव्हतं.

मी पळी खाली ठेवली. पिंपातलं पाणी ओंजळीत घेतलं, प्याले. मचूळ. भांडं घेऊन विहिरीवर गेले, पोहरा सोडला. त्या धडधाकट दोरीने पाणी वर काढलं आणि तिथेच उभ्याने प्याले. घसा खरवडला. खाडीत पोहताना तोंडात जातं तसं पाणी. डोंगराकडची मी. आमच्याकडे विहीर आटते, गढूळ होते, पण पाणी खारट होतं हे माझ्या सात पिढ्यांत कोणाला माहीत नव्हतं. आणि मी ह्या पाण्याच्या चार-चार कळश्या रोज घातल्या होत्या. पानं करपली की आणखी घातल्या होत्या. माझ्या आईच्या पेवाला मीठ मीच घालत होते, मोजून, सकाळ-संध्याकाळ.

मग एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली आणि मला काठावर बसावं लागलं. आमटी खारट झाली ती ह्या पाण्याने. पुढे बरी झाली ती नळाच्या पाण्याने. चार-पाच खेपा त्यासाठी. आणि धुवण. गोड्या पाण्याने तांदूळ धुऊन ते धुवण ती फेकत नव्हती. तेवढं एक पातेलं गोडं पाणी ती माझ्या पेवाला देत होती. तिन्हींना पुरणार नव्हतं, म्हणून एकाला.

हे जेवायला आले तेव्हा मी ताट वाढलं. आमटीचा भुरका मारून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मीठ जास्त झालंय?" मी विचारलं.

"थोडं."

"घातलेलं नाही."

त्यांचा हात ताटात थांबला. आणि तोंडावर जे आलं त्यात आश्चर्य नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं तोंड एवढं तरी वाचता येतं.

"तुम्हांला माहीत होतं," मी म्हटलं.

"पाऊस पडला की गोडं होतं ते. खोल केली ना, म्हणून उन्हाळ्यात थोडं खाडीचं ओढतं. मोटर जरा जास्त चालली."

"कधीपासून माहीत होतं?"

"वैजूनं सांगितलं. शिमगा झाल्यावर. खाजणातली, खाऱ्या जमिनीतली पोर ती, तिला एका घोटात कळलं. मला म्हणाली, दादा, मोटर थांबवा, नाहीतर खालच्या घरांच्या विहिरीही जातील. मी म्हटलं, पावसापर्यंत कोणाकडे बोलू नकोस. तुझ्या जावेकडे तर नाहीच. तू वाडीभर केलं असतंस इंदू. चार घरं दारात येऊन बसली असती."

"मी तिला चोर म्हटलं. तिची पिशवी उपसली. तुम्ही इथे पडवीत बसून सुपारी खात होतात."

"तू कोणाचं ऐकतेस? सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

मी ताट उचललं आणि त्यांच्यादेखत मोरीत रिकामं केलं. मग विहिरीवर गेले. काट्यांच्या आत बघितलं. पेवाचं खोड हाताला आलं, ओढलं तर सगळं वर. खाली कंद मऊ, सडलेला. शेजारचा बोटभर कंदही तसाच. मी ते चिवडत बसले. कुठेतरी एक घट्ट तुकडा लागेल म्हणून चिवडत बसले. लागला नाही.

दुपारी मी साडी बदलली. पिशवीत नारळ घेतला, खण घेतला, मूठभर तांदूळ घेतले. रुसून गेलेल्या माणसाला आणायला जाताना घ्यायचं ते सगळं घेतलं आणि होडीत बसले. वाटेत शब्द जुळवत होते. चुकले, माफ कर, घर तुझं आहे. साठ माणसांत बोलायला न घाबरणारी मी, पण तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा घोकत होते.

वैजू घराच्या सावलीत बसून वाळवण राखत होती. मला बघून उठली. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. आधी पाणी दिलं. गूळ दिला.

"सगळं कळलं गं मला," मी म्हटलं. "विहिरीचं. धुवणाचं. ह्यांनी तुला बोलू दिलं नाही तेही. मी फार वाईट वागले वैजू. तू त्याच वेळी बोलली का नाहीस माझ्याशी?"

"बोलले असते तर दादा नाही म्हणाले असते. मग तुम्ही कोणाचं खरं मानलं असतंत?"

तिने वाळवणावरचा कावळा हाकलला.

"दाराजवळचं कसं आहे?" तिने विचारलं.

"गेलं. मी विहिरीकडे हलवलं होतं."

"विहिरीकडे?" तिने डोळे मिटले. "आणि माझ्याकडचा तुकडा?"

"तोही."

ती वाळवण परतायला लागली. माझे डोळे मात्र जागेवर बसत नव्हते. पाण्याच्या हंड्यांखाली ओल होती, तिथे बघून आले. पायरीच्या कडेला अळू लावलं होतं, त्याच्या मागे बघून आले. आडाच्या काठाला काहीतरी हिरवं, गोल पानांचं दिसलं, आणि मी मान लांब करून बघितलं. कर्दळ होती.

"काय शोधताय, वहिनी?"

"काही नाही गं."

"नाहीये इथे. एकच होता. तो तुम्ही पिशवीतून काढून घेतलात."

"अगं, मी कुठे ते म्हणतेय? मी तुला न्यायला आलेय. नारळ आणलाय, खण आणलाय. चल, ऊठ, आवर."

मी पिशवी तिच्यापुढे सरकवली. तिने हात घालून नारळ काढला. खण काढला, कपाळाला लावला. मग तिचा हात पिशवीत तसाच राहिला. हळूच बाहेर काढला तेव्हा त्यात खुरपं होतं. माझं खुरपं, लाकडी मुठीचं. निघताना मी ते तांदळाखाली घातलं होतं. कोणाला दिसू नये म्हणून घातलं होतं. मला स्वतःलाही दिसू नये म्हणून बहुतेक.

"हे कशाला आणलंत?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिशव्यांत डोकावणारी मी, आणि तिने एवढंसं विचारलं तर मी कर्दळीकडे बघत राहिले. कारण ती समजली तेच खरं होतं. तिला आणायचं होतं, खोटं नाही. पण होडीत बसल्यापासून मनात एकच चाललं होतं, की ती हुशार आहे, तिने दोन तुकडे घेतले असतील.

वैजूने खुरपं पिशवीत परत घातलं. नारळ घातला. खणाची घडी नीट केली आणि तीही घातली. पिशवीचे बंद माझ्या हातात दिले.

"साडेपाचची होडी चुकेल तुमची," म्हणाली.

गणपतीला सदानंद आला आणि त्यांनी वरच्या आळीत वेगळं बिऱ्हाड केलं. अठरा वर्षं झाली. ह्यांनी त्याच पावसात मोटर काढून टाकली, विहीर गोडी झाली. वैजू सणावाराला येते, स्वयंपाकाला हात लावते, माझ्या गुडघ्यांना तेल चोळून देते. कोणाला विचारलं तर सांगतील, जावाजावांचं छान आहे. फक्त मी तिला काही द्यायला गेले, मग ते वाटीभर खोबरं असो की लुगडं असो, ती आधी माझ्या तोंडाकडे बघते, पुरता एक क्षण बघते, आणि मग हात पुढे करते.